पांगुळगाड्याची पाटी

६ जून

पाटीची कत्तल! पुन्हा! पाठवली होती चांगली ऐसपैस, परत आली तीन ओळींची. लाल पेन्सिलीनं सगळं रक्तबंबाळ. 'उत्तरकालीन', 'अलंकरण', 'शैलीसाधर्म्य' — सगळ्यांना एकच शिक्षा. समासात बारीक अक्षरात लिहिलंय : 'मॅडम, नऊ वर्षांचं मूल इथपर्यंत वाचतं आणि पळतं.'

पंधरा वर्षं हेच चाललंय. वस्तू सांभाळायच्या मी, अभ्यास करायचा मी, पाटी लिहायची मी. आणि ती शिक्षण विभागात गेली की गोष्टीबाई तिला कात्री लावणार. आमच्या संग्रहालयात रीतच आहे — त्यांची लाल पेन्सिल फिरल्याशिवाय एकही पाटी दालनात लागत नाही. शाळांच्या सहली त्याच फिरवतात, हातवारे करून गोष्टी सांगतात, म्हणून मी त्यांना गोष्टीबाई म्हणते. फक्त इथं, वहीत. समोर आपलं 'बाई' आणि 'तुम्ही'. त्या मला पाठीमागं काय म्हणतात कोण जाणे. कुलूपबाई म्हणत असतील. म्हणू देत.

राग आला की मी तळघरात जाते. तिथं कपाटांतून वस्तू गप्प पडून असतात, कुणी कुणाला कापत नाही. आजही गेले. दोन पेट्यांची वाळवी तपासली, वर आले, तीन ओळींची पाटी परत वाचली. चांगली होती. हाच तर वैताग आहे!

९ जून

बैठक. साहेबांनी — म्हणजे आमच्या संचालकांनी — मुलांची खोली मंजूर केली. गोष्टीबाई कित्येक वर्षं त्यासाठी उंबरे झिजवत होत्या. तळमजल्यावरची, आत्ता जिथं रिकामी खोकी आणि मोडक्या खुर्च्या आहेत ती खोली. बुटकी कपाटं, खाली सतरंज्या, आणि वस्तू काचेबाहेर. हात लावायला मोकळ्या! माझा विरोध होता, आहे, राहील. हात म्हणजे घाम, घाम म्हणजे मीठ, मीठ म्हणजे लाकडाची वाट. पण माझं कोण ऐकतंय.

मधोमध काय ठेवायचं यावर मात्र चर्चाच झाली नाही. पांगुळगाडा. दुसरं काय असणार!

लाकडी चौकट, तीन चाकं, दोन उभ्या दांड्या आणि धरायला वर आडवी मूठ. तान्ह्या पोराच्या गाड्यापेक्षा बराच मोठा. पाटी माझी — म्हणजे लाल पेन्सिलीतून वाचलेली माझी :

'एका सुताराने चालता न येणाऱ्या आपल्या मुलीसाठी हा पांगुळगाडा केला. मुलगी वाढत गेली, तशी त्याने मूठ दोनदा वर चढवली.'

बस. दोन वाक्यं. आमच्याकडं सोन्याची नाणी आहेत, तलवारी आहेत, पण लोक थांबतात या लाकडापाशी. दांड्यांत भोकांच्या तीन जोड्या आहेत, त्या मुलं बोटानं मोजतात. एक, दोन, तीन. आणि गप्प होतात. चौथीची कार्टी गप्प होतात!

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वी मी शोधून आणली. गाडा ज्या गावातून आला त्या गावात जाऊन, एका म्हाताऱ्या बाईंच्या तोंडून. माझ्या सूचिग्रंथात तिला आख्खं पान आहे. अभिमान वाटतो मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

उद्घाटन वीस ऑगस्टला.

१५ जून

आईचं हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर. आता चालायचं. वॉकर आणलाय. आईनं त्याचं नाव ठेवलंय 'मेला'. "माझा मेला कुठंय? आण त्याला." स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते खाट. मध्ये दम खाते आणि मला शिव्या घालते.

दादाचा फोन आला. "रोज चालव तिला." हो रे बाबा. लांबून सांगायला काय जातंय?

२३ जून

खोलीला रंग लागतोय. गोष्टीबाई स्वतः उभ्या राहून करून घेतात. केसांवर पिवळे शिंतोडे. मला म्हणाल्या, "मॅडम, गाडा खिडकीशी ठेवू या. उजेड मुठीवर पडायला हवा." मी म्हटलं, उन्हानं लाकूड तडकतं. त्या म्हणाल्या, "मग पडदा लावू. पण मूठ दिसली पाहिजे." हट्टी बाई. पडदा ठरला.

८ जुलै

आज एक विचित्र गोष्ट. आईच्या वॉकरच्या मुठींचं रबर बदलायला काढलं. महिनाही धड झाला नाही आणि वरून पार गुळगुळीत. सगळा भार तळव्यावर, वरून खाली. खालच्या बाजूला, जिथं बोटं वळतात तिथं, रबर नव्यासारखं, दाणे शाबूत.

रबर हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. आई ओरडली, "अगं, मेल्याचं सुतक पाळतेस का? बसव ते!"

बसवलं.

गाड्याची मूठ खालून झिजलेली आहे. मी ती सतरा वेळा पुसलीय. खालून.

९ जुलै

सुट्टी होती तरी गेले. पहारेकरी म्हणाला, "आज मॅडम? घरात करमत नाही का?" म्हटलं, नाही करमत.

गाडा आडवा केला. दिवा लावून, भिंग घेऊन बसले. मुठीची वरची बाजू — रंधा फिरल्याच्या रेघा अजून दिसतात. खालची बाजू आणि मागची कड, काचेसारखी गुळगुळीत. म्हणजे इथं कुणी भार टाकलेला नाही. बोटं अडकवून ओढलंय. उचललंय आणि ओढलंय. वर्षानुवर्षं.

भोकं. खालची जोडी गोल राहिलेलीच नाही, ओढीच्या दिशेला लांबट झालीय. मधलीही तशीच. खुंटी ढिली झाली की वर नवं भोक पाडायचं, ते ढिलं झालं की आणखी वर. मुलगी वाढली म्हणून नाही. भोक झिजलं म्हणून!

इतक्या वर्षांत भोकं सगळ्यांनी मोजली. मीसुद्धा फक्त मोजली.

१२ जुलै

दुरुस्तीखात्यातल्या आमच्या माणसानं चौकटीच्या सांध्यांतून सुईनं काहीतरी कोरून काढलं, पाण्यात टाकून बघितलं. "चिकणमाती आहे, मॅडम. सगळ्या फटींत. भांड्यांची असते ना, तसली." मग हसून म्हणाला, "सुताराची पोरगी चिखलात खेळायची वाटतं!"

मला हसू आलं नाही. माती वाहायची हातगाडी आहे ती. कुणा कुंभाराची. बाप नाही, मुलगी नाही, काही नाही.

मग ती म्हातारी खोटं का बोलली?

१६ जुलै

ती म्हातारी वारली म्हणे, चार वर्षं झाली. फोन नातवानं घेतला. सायकली दुरुस्त करतो. मी विचारलं, आजींना ती गाड्याची गोष्ट कुणी सांगितली होती? त्यांच्या सासूनं? शेजाऱ्यांनी?

तो मोकळा हसला. "अहो मॅडम, आजीला मीच सांगितली ती! चौथीत आमची सहल आली होती तुमच्याकडं. एक बाई होत्या, असे हातवारे करून सांगायच्या, सुताराची आणि मुलीची गोष्ट. मी घरी येऊन रडलो होतो. मग आजी सगळ्या गावाला सांगायची. तुम्ही आलात तेव्हा तर तिला कोण आनंद झाला होता! शहरातून बाई आली म्हणाली, माझं सगळं लिहून नेलं."

मी आभार मानले. फोन ठेवला. परत उचलला, कुणालातरी करावा म्हणून. कुणाला करणार!

गोष्ट आमच्याच घरातून निघाली, गावाला जाऊन पिकली आणि मी ती टोपलीत घालून परत आणली. वर कॅटलॉगमध्ये छापली. 'मौखिक परंपरा' म्हणून! कपाळ माझं.

१७ जुलै

गोष्टीबाईंना बोलावलं. दार लावून घेतलं. संतापलेच होते मी, का लपवू? मनात वाक्यं तयार होती.

विचारलं, "गाड्याची गोष्ट तुम्हाला कुठून कळली?"

त्या चकित. "कुठून म्हणजे? तुमच्या पाटीवरून!"

"आणि पाटीच्या आधी? तुम्ही वीस वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना सांगत होतात. तेव्हा तर पाटीवर नुसतं 'चाकांची चौकट, लाकूड' होतं."

त्या म्हणाल्या, "तेव्हा मी 'कदाचित' म्हणायचे. मुलं विचारायची, हे कुणाचं? काय सांगणार? नुसतं 'चौकट' ऐकून मुलं जांभया देतात. मी म्हणायचे, बघा हं, ही भोकं बघा. कदाचित एखादा बाप असेल. कदाचित त्याची मुलगी चालू शकत नसेल. दर वेळी म्हणायचे, मॅडम. एकदाही विसरले नाही. पण मुलं 'कदाचित' घरी नेत नाहीत."

"मग सोडलंत कधी?"

"तुमची पाटी लागली तेव्हा." माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही पुरावा शोधून आणलात. तुम्ही! तुम्ही तर खात्री असल्याशिवाय वस्तूचा रंगसुद्धा लिहीत नाही. मला इतका आनंद झाला होता. सगळ्यांना चहा पाजला होता मी, आठवतं?"

आठवतं. मला वाटलं होतं, त्यांचा वाढदिवस असेल.

आणि मग मी घाव घातला. "मी 'असे सांगतात' म्हणून लिहिलं होतं. ते शब्द तुम्ही कापलेत. लाल पेन्सिलीनं."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कापू दिलेत."

आपलेच दात, आपलेच ओठ. माझं 'असे सांगतात' त्यांनी कापलं, माझ्यावर विसंबून त्यांनी 'कदाचित' टाकून दिलं. दोघींना वाटत होतं, दुसरीला माहीत आहे.

राग कुणावर काढायचा तेच कळेना. जाताना त्या इतकंच म्हणाल्या, "आता पाटीचं काय करणार?"

म्हटलं, "काढणार."

१८ जुलै

साहेबांपुढं गेले. सगळं सांगितलं, मूठ, भोकं, माती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"उद्घाटन होऊन जाऊ द्या हो. मग बघू. गाडा काय तोंड उघडून बोलणार आहे का?"

म्हटलं, मी बोलणार आहे.

"पत्रिका छापायला गेल्यात. वर त्या गाड्याचं चित्र आहे. ती गोष्ट गेली तर मुलांच्या खोलीत उरतं काय? चार मडकी आणि जातं! पाहुणे माती वाहायच्या गाडीचं उद्घाटन करायला येतील का?"

म्हटलं, खोटं काचेआड ठेवून वर मी कुलूप लावणार नाही. मग खोटं काचेबाहेर ठेवायला तर मुळीच देणार नाही.

"म्हणजे खोली गेली तरी चालेल?"

मी 'हो' म्हटलं. पटकन म्हटलं. खोली माझी कुठं होती!

२१ जुलै

गोष्टीबाई स्वतःहून आल्या. उभ्याच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेबांनी सांगितलं मला. मॅडम, खोलीचं सोडा. खोली आज ना उद्या होईल, नाही झाली तरी मी जगेन. पण पाटी राहू द्या. एक शब्द घाला. मीच सांगते कुठं घालायचा."

"'कदाचित' कधी लिहितात बाई? शक्यता असते तेव्हा. इथं शक्यताच उरलेली नाही. मूठ खालून झिजलीय."

"कुठंतरी असेलच ना असा बाप?"

"असेल. या गाड्यात नाही."

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं आता रडतील, आणि मला धडकीच भरली, कारण रडणाऱ्या माणसाचं काय करायचं मला कधीच कळलेलं नाही. पण रडल्या नाहीत. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि गेल्या.

बरोबर आहे माझं. मग जेवण का गेलं नाही?

२२ जुलै

आईला सगळं सांगितलं. तिनं मेल्यावर हात टेकून ऐकलं.

"खरं ते खरंच गं. तू काही चूक केली नाहीस. पण एका पाटीसाठी एवढी गयावया? वेडी आहे का ती?"

"गोष्टीवर जीव आहे तिचा. स्वतः रचलेली ना."

"घरी कोण कोण असतं तिच्या?"

"माहीत नाही."

"पंधरा वर्षं एका छपराखाली काम करता ना दोघी?" आई म्हणाली. "लाकूड बघून झाड सांगतेस तू."

मी म्हटलं, चल, खिडकीपर्यंत जाऊ.

२४ जुलै

पाटी काढली. सुताराला न बोलावता मीच काढली, चार स्क्रू. भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. जुनी पाटी फोडून टाकायची असते, कुणी चुकून परत लावू नये म्हणून. तीही मीच फोडली. हातोडीच्या एका घावात 'मुलगी वाढत गेली' पर्यंत तडा गेला. तुकडे टोपलीत.

३० जुलै

आज सहल होती. चौथी. मी दालनाच्या दाराआड उभी राहिले. चोरासारखी! गोष्टीबाई काय सांगतात ते ऐकायचं होतं.

सगळ्यांना गाड्याभोवती बसवलं. म्हणाल्या, "पोरांनो, या गाडीबद्दल मी खूप वर्षं एक गोष्ट सांगत होते. ती चुकीची होती. मी चुकले. आमच्या मोठ्या मॅडमही चुकल्या." मुलं खूश! मोठी माणसं चुकली की मुलांना काय आनंद होतो. मग जुनी गोष्ट सांगितली, सुतार, मुलगी, तीन जोड्या, सगळी. "आता तुम्ही शोधून काढा, आम्ही कुठं चुकलो." एकेकाच्या हातात हातमोजा घालून मुठीखालून बोट फिरवायला लावलं. "वर खरखरीत, खाली गुळगुळीत! बाई, हे ओढलंय!" — हे एका मुलानं सांगितलं, पाच मिनिटांत. मी आठ वर्षं घेतली.

किती सुरेख केलं त्यांनी! माझ्या चुकीचा त्यांनी धडा करून दाखवला, आणि मला त्यात हसं होऊ दिलं नाही. मी दाराआडून बाहेर येऊन तसं सांगणारच होते.

तेवढ्यात कडेला बसलेली एक मुलगी म्हणाली, "मग तो बाबा कुठं गेला?"

गोष्टीबाई म्हणाल्या, "तो नव्हताच बाळ इथं."

"मग कुठं होता?"

इतक्या वर्षांत मी त्यांना मुलांपुढं गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हातातला मोजा नुसता उलटा करत राहिल्या. शेवटी वर्गशिक्षिकेनं टाळ्या वाजवून मुलांना पुढच्या दालनात नेलं.

मी बाहेर आले नाही.

५ ऑगस्ट

मुलांची खोली 'तूर्त स्थगित'. साहेबांची दोन ओळींची चिठ्ठी. पिवळ्या भिंतींच्या त्या खोलीत खोकी परत आली. पडदा तसाच लटकतोय.

७ ऑगस्ट

नवी पाटी लिहून शिक्षण विभागात पाठवली. 'माती वाहण्याची हातगाडी. लाकूड, चाकांना लोखंडी कड. मुठीची झीज खालच्या बाजूस...' वगैरे. मुद्दाम लांब लिहिली. दोन ठिकाणी तर मुद्दाम अवघड शब्द घातले, चिडून तरी कापतील म्हणून.

१० ऑगस्ट

पाटी परत आली. कोरी. एकही लाल रेघ नाही. खाली फक्त सही.

पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी कागद उजेडाला धरून पाहिला, खोडून टाकलंय का काही म्हणून. काही नाही. मला वाटायचं, एक दिवस माझी पाटी कात्रीविना परत यावी. आली.

२० ऑगस्ट

आज उद्घाटन असायचं.

गोष्टीबाई आठवडाभर रजेवर. सहली पहारेकरी फिरवतोय. "हे जुनं, हे फार जुनं, पुढं चला."

२६ ऑगस्ट

अजून रजेवरच. फोन बंद. त्यांच्या मदतनीस मुलीला विचारलं, आजारी आहेत का? म्हणाली, "नाही मॅडम. घरी काम आहे म्हणाल्या."

काय काम, तिलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हजेरीपटावरून पत्ता मिळाला. आमच्या घरापासून दोनच थांबे पुढं! रोज एकाच बसनं जात असू की काय आम्ही, पुढं-मागं बसून?

आई म्हणाली, "जाऊन ये. रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

म्हटलं, पाटीचा कागद घेऊन जाते. कापून द्या म्हणते. नाहीतर लावणारच नाही म्हणते.

"तेही कर," आई म्हणाली. "आधी चूक झाली म्हण."

"माझी चूक नाही!"

"मग नको म्हणूस. जा तरी."

२८ ऑगस्ट

गेले होते. दार उघडायला वेळ लागला. आतून चाकांचा आवाज येत होता.

त्यांच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. चाळिशीची असेल. दोन्ही तळवे मुठीवर टेकलेले. लाकडी चौकट, तीन चाकं. दांड्यांत भोकांच्या जोड्या, खालून वर. मूठ सगळ्यात वरच्या जोडीत. वरून गुळगुळीत.

"ताई माझी औषधं आणायला गेलीय. बसा ना." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुम्ही पाटीवाल्या मॅडम का? ताई सांगते तुमच्याबद्दल. फार कडक आहेत, पण खोटं एक अक्षर लिहीत नाहीत, म्हणते."

माझ्या हातात कागद होता. पर्समध्ये टाकला.

"तुमची पाटी मला पाठ आहे," ती म्हणाली आणि म्हणून दाखवली. दोन्ही वाक्यं, एक शब्द इकडं-तिकडं नाही. "बाबा गेल्यावर मला वाटायचं, असलं वेड आमच्याच बाबांना. लोक हसायचे त्यांना. मग ताई एक दिवस पळत आली, म्हणाली, अगं, आणखी एक होता! मॅडमनी शोधून काढलाय, भिंतीवर लिहिलंय. त्या दिवशी आम्ही दोघी किती रडलो." मुठीवरचा एक हात तिनं जपून उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "मला काही तिथवर येता येत नाही. आहे ना हो अजून ती पाटी?"

"आहे," मी म्हटलं.